मदत हवी आहे: इंग्रजीत 'इंग' नेमका कुठे लावायचा?

काजवा:
नमस्कार मंडळी. कामानिमित्त इंग्रजीत बरंच लिहावं-बोलावं लागतं. चालू काळाची रचना तोंडपाठ आहे: अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर यांतलं एक घ्यायचं आणि मुख्य क्रियापदाला इंग जोडायचा. घोडं अडतं ते वापरात. 'त आहे' दिसलं की इंग, या शाळेतल्या सूत्रावर बरीच गाडी चालते. 'मी लिहीत आहे', 'आय अ‍ॅम रायटिंग', झकास. पण ही वाक्यं बघा:

'तो खुर्चीवर बसला आहे.' इथे 'त आहे' नाही, तरी इंग्रजीत 'ही इज सिटिंग'.
'मी तीन वर्षांपासून इथे काम करत आहे.' 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' हे चूक म्हणे.
'लहानपणी आम्ही नदीवर जात होतो.' 'वुई वेअर गोइंग' म्हटलं की ऐकणारा विचारतो, बरं, मग काय झालं?
आणि 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' चालतं, 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' चालत नाही.

नियमांची यादी नको, ती कुठेही मिळते. डोक्यात काय ठेवलं की हे जमेल? आगाऊ धन्यवाद.

शाईपेन:
चारही वाक्यांची गोम एकच आहे. इंग लावला की बोलणारा क्रियेच्या मधोमध उभा असतो: ती सुरू झालेली आहे, संपलेली नाही. म्हणूनच 'वुई वेअर गोइंग टू द रिव्हर' ऐकल्यावर माणूस पुढच्या घटनेची वाट बघतो. 'व्हेन इट स्टार्टेड रेनिंग' असं काहीतरी जोडलंत की त्याचं समाधान होतं. मराठीतलं 'जात होतो' मात्र दुहेरी काम करतं, त्या वेळचा प्रसंगही सांगतं आणि जुनी सवयही. ओळखायची युक्ती: 'जात होतो'च्या जागी 'जायचो' टाकून बघा. अर्थ तोच राहिला तर इंग्रजीत 'यूज्ड टू गो' किंवा नुसतं 'वेंट'. 'जायचो' खटकलं तर 'वेअर गोइंग'.

आता बसण्याचं. मराठीत 'बसणे' म्हणजे उभ्याचं बसतं होणं. ते एका क्षणात उरकतं आणि उरतो तो परिणाम, म्हणून आपण 'बसला आहे' म्हणतो. इंग्रजीतलं 'सिट' त्या बसलेल्या अवस्थेलाच क्रिया मानतं, आणि ती अजून चालू आहे, म्हणून 'सिटिंग'. तसंच 'झोपला आहे'चं 'इज स्लीपिंग', 'चष्मा घातला आहे'चं 'इज वेअरिंग'. उलट कोणी आत्ता बाहीत हात घालत असेल तर 'ही इज वेअरिंग हिज शर्ट' नाही, 'ही इज पुटिंग ऑन हिज शर्ट'. आणि खुर्चीत टेकण्याच्या बेतात असेल तर 'सिटिंग डाउन'. ही जोडी पक्की करा, मराठी माणसाची सर्वात जास्त फसगत इथेच होते असं माझं मत आहे.

तीन वर्षांचं वाक्य: क्रिया मागे सुरू झाली आणि आजपर्यंत पोचली. नुसत्या 'अ‍ॅम वर्किंग'मध्ये ते मागचं टोक येत नाही, म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स'. आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स २०२१', मुदत असेल तर 'फॉर'.

उंबरठा:
+१. हॅवबद्दल थोडी भर. ज्याला सुरुवात-मध्य-शेवट असा प्रवासच नाही, त्याच्या मध्ये उभं कसं राहणार? भाऊ असणं, माहीत असणं, मालकी असणं या स्थिती आहेत, म्हणून 'आय हॅव', 'आय नो', 'आय ओन'. जेवणाला मात्र मध्य असतो. 'आय थिंक' म्हणजे माझं मत, 'आय अ‍ॅम थिंकिंग अबाउट इट' म्हणजे विचार अजून चाललाय. 'यू आर रूड' हा स्वभावावर शेरा, 'यू आर बीइंग रूड' म्हणजे आत्ता उद्धटपणा करतोयस. भांडणात हा फरक उपयोगी पडतो.

आपल्याला चकवतात ती मराठीतली '-तंय' रूपं. समजतंय, आठवतंय, दिसतंय. कॉलवर 'आवाज येतोय का?' विचारायचं असतं आणि तोंडून 'आर यू हिअरिंग मी?' निघतं. 'कॅन यू हिअर मी?' म्हणा. 'दिसतंय' म्हणजे 'आय कॅन सी', 'आठवतंय' म्हणजे 'आय रिमेंबर'.

टाचणी:
एक शंका. 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' इतकं सर्रास कानावर पडतं, मग त्याला चूक तरी का म्हणायचं?

शाईपेन:
गप्पांत कोणी अडवणार नाही. अर्जात, परीक्षेत, कामाच्या पत्रात टाळा. अवांतर: इंग्रजीत पूर्वी घर बांधलं जात असलं तर 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत. 'इज बीइंग बिल्ट' ही रचना १८व्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली आणि १९व्या शतकात काही व्याकरणवाल्यांनी तिच्यावर भरपूर नाकं मुरडली. आज तीच प्रमाण आहे.

काजवा:
'जायचो'ची युक्ती भारी! भविष्याचं काय? 'मी उद्या येतोय' हे 'आय अ‍ॅम कमिंग टुमॉरो' चालतं ना?

उंबरठा:
चालतं, ठरलेला बेत असेल तर. 'इट इज रेनिंग टुमॉरो' चालत नाही; पावसाशी कोणी बेत ठरवलेला नसतो. तिथे 'इट इज गोइंग टू रेन'.

टाचणी:
स्पेलिंगचंही सांगून ठेवतो, धाग्यात राहिलंय. 'मेक'चा शेवटचा ई 'मेकिंग'मध्ये गळतो. 'रन'चा एन दुप्पट होतो. 'बिगिन'चाही होतो कारण उच्चारताना जोर शेवटच्या अवयवावर (सिलॅबलवर) आहे, 'ओपन'चा होत नाही. मरण्याच्या 'डाय'मधला आय-ई जाऊन वाय येतो. कापड रंगवण्याच्या 'डाय'चा ई मात्र इंगच्या आधी टिकतो. 'ट्रॅव्हलिंग'ला ब्रिटिश दोन एल लिहितात, अमेरिकन एक.

काजवा:
शेवटचं. 'बस थांबली आहे' हे 'बसला आहे'सारखंच, मग 'द बस इज स्टॉपिंग' का?

शाईपेन:
नाही. 'स्टॉप' इंग्रजीतही क्षणात उरकतं, 'सिट'सारखं पसरत नाही. उभ्या बसला 'द बस हॅज स्टॉप्ड' म्हणा. 'इज स्टॉपिंग' म्हणालात तर चाकं अजून फिरतायत आणि उतरणारे दाराकडे सरकतायत.