बासचा रॉड उजनीला चालेल

दादा, दीड हजारात बास माशाचा स्पिनिंग रॉड, म्हणजे खाली रीळ लावायची गळाची काठी, कुठला घ्यावा, विचारलंत. बास उत्तर अमेरिकेतला. आपल्या उजनी धरणात, हिप्परगा तलावात मरळ, पण रॉड तोच चालतो. तिला पाणगवतातून ओढायला मिडियम-हेवी (बऱ्यापैकी ताकदीचा), फास्ट ॲक्शन (शेंड्याकडेच वाकणारा), साडेसहा-सात फुटी घ्या. मुठीच्या वर ल्यूरचं, म्हणजे नकली आमिषाचं वजन छापलेलं असतं, ७ ते २१ ग्रॅमच्या आसपास बघा. दोन तुकड्यांचा बरा, एसटीत मावतो.

दुकानातच कापसाचा बोळा रॉडवरच्या, दोरी जाते त्या प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकला की समजा तडा आहे, दोरी तिथंच झिजणार. माझी पहिली मरळ अशीच गेली, रबरी बेडूक तोंडात घेऊन! निव्वळ कार्बनचा हट्ट नको. ग्लास फायबर मिसळलेला जड लागतो, पण खडकावर आपटला तरी सोसतो. आणि हो, विजेच्या तारांखाली कार्बनचा रॉड उभा धरू नका.