कारवानी कुत्र्याला सशामागे धावण्यापासून कसे परावृत्त करावे?

जतकर:
माळालगत आमची डाळिंबाची बाग असून राखणीसाठी दोन वर्षांचा कारवानी पाळला आहे. तो शेळ्यामेंढ्यांतच वाढल्यामुळे त्यांच्या वाटेला जात नाही. परंतु ससा किंवा मोर दिसला की बांध ओलांडून असा सुटतो की हाका मारून उपयोग होत नाही. अमेरिकेत रॅकून या रानटी प्राण्याच्या शिकारीचे कुत्रे हरणाच्या मागावर जाऊ नयेत म्हणून त्यांना हरणाचा वास देतात आणि त्याच वेळी गळ्यातील विजेच्या पट्ट्याचा झटका देतात, असे वाचले. हा उपाय येथे चालेल काय?

माणदेशी:
तो उपाय वासावर माग काढणाऱ्या कुत्र्यांसाठी आहे. कोणता माग धरावा आणि कोणता सोडावा, एवढेच त्यांना शिकवायचे असते. कारवानी मात्र नजरेवर धावतो. त्याला चेतवते ती हालचाल, मग ती सशाची असो वा वाऱ्यावर उडालेल्या पिशवीची. एकदा धाव सुरू झाली की शिट्टी आणि आमिष दोन्ही व्यर्थ ठरतात, म्हणून जे करायचे ते त्याआधीच्या क्षणी करावे लागते: कान ताठ होतात, अंग आखडते, नजर एका जागी खिळते. त्या वेळी तो हलक्या, लांब दोरीवर असावा आणि दोरी गळपट्ट्याला नव्हे, तर छातीच्या पट्ट्याला बांधलेली असावी, कारण भरधाव कुत्र्याच्या मानेला बसणारा हिसका घातक असतो. नजर खिळताच ठरलेला एकच शब्द उच्चारावा आणि त्याने वळून पाहिले की लगेच मटणाचा तुकडा द्यावा. आधी अंगणात, मग लांबून कोंबड्या दिसतील अशा ठिकाणी, आणि माळावर सर्वांत शेवटी. पहाटे व तिन्हीसांजेला ससे चरायला निघतात, तेव्हा त्याला मोकळे सोडू नये. एवढे करूनही उघड्या माळावर त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येईल असे मला वाटत नाही. ही जात पिढ्यानपिढ्या धावण्यासाठीच निवडली गेली आहे.

कृष्णाकाठ:
विजेच्या पट्ट्याबद्दल माझे मत अधिक कडक आहे. कुत्रा त्या वेदनेचा संबंध सशाशीच जोडेल याची खात्री नसते; त्या क्षणी समोर मेंढपाळाचा मुलगा असेल, तर तो त्याच्यावरही डूख धरू शकतो. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. पाठलाग करणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. मोर आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत.

जतकर:
आभारी आहे. मग निदान रानडुकरांवर तरी त्याला सोडावे काय? डाळिंबे तीच नासतात.

माणदेशी:
मुळीच नको. कायद्याचा प्रश्न आहेच. शिवाय कारवानीची कातडी पातळ असते आणि डुकराचा सुळा त्याचे पोट सहज फाडतो. बागेला जाळीचे कुंपण घालावे, आणि नुकसान झालेच तर पंचनामा करून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करावा.