गतकातर, स्मरणरंजन की नुसतीच सय?

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा जुना फोटो चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकला. चौकातला नळ, त्याखाली हंडा, पायरीवर आम्ही तिघं. वाडा पाडून इमारत झाली त्याला वीसेक वर्षं होतील. सगळ्यांनी भराभर 'नॉस्टॅल्जिक झालो' लिहिलं. मी मराठीचा बाणा दाखवत लिहिलं, 'फोटो पाहून गतकातर झालो.' दोन मिनिटांत आत्याचं उत्तर: 'कशाला घाबरलास रे?' आत्या संस्कृत घेऊन बीए झालेली, त्यामुळे तिचं चुकलं म्हणायची सोय नाही. तर मंडळी, या भावनेला मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद १

आत्यांचा मुद्दा बिनतोड आहे. संस्कृतात 'कातर' म्हणजे भित्रा, अधीर, व्याकुळ. मराठीने त्यातला भित्रेपणा जवळजवळ सोडला आणि व्याकुळपणा ठेवला: कातर आवाज, कातरवेळ. दिवेलागणीला पोटात जे होतं ते भीती आणि दुःख यांच्या मधलंच काहीतरी असतं, म्हणून मला 'गतकातर' चालतो. (कात्री, कातरणं, कात्रण ही मंडळी वेगळी, 'कर्तरी'च्या घरातली. जुनी कात्रणं जपणारे बहुधा गतकातर असतात, हा निव्वळ योगायोग.)

प्रतिसाद २

नॉस्टॅल्जिया हा मुळात वैद्यकातला शब्द. १६८८ साली योहान्नेस होफर या स्विस विद्यार्थ्याने बाझलच्या विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून लांब पडलेल्यांचा तो आजार होता, सरलेल्या काळाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

त्या मूळ आजाराला आपल्याकडे नवा शब्द घडवायची गरजच नाही. 'करमत नाही' आहे की! मी लातूरहून अकरावीला पुण्यात आले, नारायण पेठेत कॉट बेसिसवर. पहिले सहा महिने अजिबात करमलं नाही, आमटीतल्या गुळानेसुद्धा रडू यायचं. आता लग्न होऊन परत लातूरला आहे आणि पुण्यावाचून करमत नाही. गंमत अशी, की बस पकडून पुण्यात आले तरी ते थांबत नाही. मला हवं ते पुणं म्हणजे मी सोळा वर्षांची असतानाचं. मग हे 'करमत नाही'त बसतं की 'गतकातर'मध्ये, मला अजून कळलेलं नाही.

प्रतिसाद ३

'स्मरणरंजन' कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. 'रञ्ज्' म्हणजे रंगणं, रंगवणं; मन रिझवणं हा अर्थ त्यातूनच आला. दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात. आठवणीने जीव रमतो, आणि रमता रमता आपण तिला रंगही देतो. लोकांच्या वाड्यांच्या आठवणीत पारिजात असतो, गणपतीतला चौक असतो, पण सकाळी डबा घेऊन सामाईक संडासापाशी लावलेली रांग नसते. वर त्याच वाड्यातले भाडेकरू आणि मालक वर्षानुवर्षं कोर्टात भांडत असत, तेही गळतं.

म्हणूनच समीक्षक हा शब्द नाक मुरडून वापरतात: 'नुसतं स्मरणरंजन आहे.' 'नुसतीच गतकातरता' असं सहसा कुणी म्हणत नाही. दुखणाऱ्याला टोमणा मारायला जीभ रेटत नसावी.

प्रतिसाद ४

नामं पुष्कळ झाली, जरा क्रियापदांकडे बघा. आठवण 'येते' आणि आठवण 'काढतात', या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आलेल्या आठवणीवर आपला इलाज नसतो. काढलेली आपण मुद्दाम, बहुधा चहाबरोबर काढतो. (ज्याची काढली तो दारात हजर झाला तर त्याला शंभर वर्षं आयुष्य, आणि नाही आला तर त्याला तिकडे उचकी.) 'सय' हा 'स्मृती'चाच प्राकृतातून झिजत आलेला शब्द. सय येते, दाटते, पण सय कुणी 'काढत' नाही. माझ्या मते स्मरणरंजन म्हणजे आठवणी काढत बसणं, गतकातर म्हणजे त्या आल्यावर होणारी अवस्था. एकाच्या जागी दुसरा घातला की आत्यांसारखं कुणीतरी टोकणारच.

आमच्या आजीकडे यातलं एकही नाम नव्हतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठची तिची खोली पाण्याखाली गेली. पुढे घरात सापडेनाशी झालेली प्रत्येक वस्तू 'पुरात गेली'. पितळी डबा पुरात गेला, पत्रिका पुरात गेल्या. १९७५ साली घेतलेली छत्री हरवली, तीही पुरातच गेली. आम्ही हसायचो, तीही हसायची. एकदा मात्र आजोबांचा चष्मा कुठे आहे विचारलं, तेव्हा ती 'पुरात गेला' म्हणाली नाही. ट्रंक उघडून काढून दिला.

मूळ धागाकर्ता

सगळं वाचलं आणि ग्रुपवर दुरुस्ती टाकली: 'वाड्याची सय आली.' आत्याने विचारलंय, 'रांगेची पण आली का?'