जादुई वास्तववाद: कास्तकाराच्या कथेत पळवाट वाटेल का?

प्रश्न: वऱ्हाडातल्या नापिकीवर जादुई वास्तववादी कथा लिहीत आहे, म्हणजे रोजच्या जगात अद्भुत गोष्ट सहज घडते अशी. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) बोंडांतून रात्री माणसांचे आवाज येतात. ही दुःखापासून पळवाट ठरेल का?

उत्तर १: आवाजांनी कर्ज फेडलं तर नक्कीच. बोंडं बोलोत, पण वेचणीची मजुरी किलोमागेच द्यावी लागू द्या आणि जिनिंगवाला ओलाव्याची कपात करू द्या. अद्भुत गोष्ट एकच ठेवा. दुसरी आली की वाचक नियम शोधू लागतो आणि कथा परीकथा होते. ‘जणू’, ‘भास झाला’ हे शब्द काढा, त्यांनी जादू तिथंच मरते. वेचणाऱ्या बायांनी दचकू नये. ‘आज लवकर बोलायला लागली’ म्हणत कापसानं ओटी भरत राहावं.

उत्तर २: पळवाट हा शब्दच मला पटत नाही. १९२८ मध्ये कोलंबियात संपावरच्या केळीबाग मजुरांवर लष्करानं गोळीबार केला. तिथलाच कादंबरीकार गार्सिया मार्केझनं १९६७ च्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीत तशाच गोळीबारानंतर चार वर्षं, अकरा महिने, दोन दिवस पाऊस पाडला, आणि गाव ते हत्याकांड घडलंच नाही म्हणतं. आकडा इतका नेमका म्हणून पाऊस खरा वाटतो. तुमचे आवाज कोणत्या नक्षत्रात सुरू होतात, किती तास चालतात, ते लिहा.

प्रश्नकर्ता: म्हणजे सातबाऱ्यावरची नावंच बोंडांतून ऐकू यावीत?

उत्तर १: हो. खोडलेली आधी.