चर्चा: मुंबईतल्या सायकलवाल्याला कायदा लागू होतो की नाही?

पायी_दादर (धागा सुरू करणारे)

मोटारसायकल झेब्रा पट्ट्यांवर आली तर कॅमेरा फोटो काढतो आणि चलान मोबाईलवर येते. तोच सिग्नल सायकलवाला तोडतो, उलट्या बाजूने येतो, रात्री दिव्याशिवाय फिरतो, आणि त्याला कोणी विचारत नाही. हॉर्न नसल्यामुळे मागून आलेली सायकल पायी माणसाला कळतसुद्धा नाही. माझ्या तीन मागण्या आहेत. सायकलला नंबरप्लेट, चालवणाऱ्याला हेल्मेटची सक्ती आणि उलट दिशेने आल्यास जागेवर दंड. गरिबाचे वाहन आहे म्हणून किती दिवस सूट द्यायची?

परळचा_वकील

सूट आहे हा गैरसमज आधी दूर करू. मोटार वाहन कायदा १९८८ सायकलला लागू होत नाही, हे खरे. त्यातली 'मोटार वाहन' ही व्याख्या यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनाची आहे. म्हणून लायसन्स नाही, नोंदणी नाही, विमा नाही. कलम १२९ची हेल्मेटसक्तीही मोटारसायकलवाल्यांसाठी आहे. सिग्नल आणि खुणा पाळण्याचे कलम ११९सुद्धा 'मोटार वाहनाच्या चालका'बद्दलच बोलते.

पण रस्त्यावर तेवढा एकच कायदा नसतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१मध्ये 'वाहन' या शब्दात सायकल आणि तीनचाकी सायकल नाव घेऊन धरलेली आहे. कलम ३३खाली पोलीस आयुक्त सायकल चालवणाऱ्यांसाठी, अगदी पायी चालणाऱ्यांसाठीही, वाहतुकीचे नियम करू शकतात. वाहनावर किती दिवे, कुठे आणि कोणत्या वेळेत, हेही त्यांना ठरवता येते. कलम ९९ सांगते की डाव्या बाजूने चाला आणि ओव्हरटेक उजवीकडून करा.

त्याच्याही वर भारतीय न्याय संहिता आहे, १ जुलै २०२४पासून. कलम २८१मध्ये बेदरकारपणे वाहन 'चालवणे' किंवा 'स्वार होणे' असे शब्द आहेत, इंजिनाची अट नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हयगयीने कोणाला गंभीर दुखापत केली तर कलम १२५खाली तीन वर्षांपर्यंत, आणि माणूस दगावला तर कलम १०६(१)खाली पाच वर्षांपर्यंत कैद. सायकलच्या धक्क्याने म्हातारा माणूस पडून डोक्याला मार लागला तर हीच कलमे लागतात. तेव्हा 'कोणी विचारत नाही' ही तक्रार अंमलबजावणीची आहे, कायद्याची नाही.

पायी_दादर

वकीलसाहेब, कागदावर सगळे आहे हे मान्य. पण २८१ वापरायला आधी पोलिसाने सायकलवाल्याला पकडायला हवे. नंबरच नाही तर पकडणार कसे? माझा मुद्दा तिथेच आहे.

चाक_आउट_काढतो

नंबरप्लेटने सायकल थांबत नाही हो, ब्रेकने थांबते. आणि ब्रेकबद्दल या शहरात कोणी बोलत नाही.

दूधवाले, पाववाले, सिलिंडरवाले ज्या काळ्या सायकली चालवतात त्यांना दांड्याचा ब्रेक असतो. त्यात रबर वर ओढले जाऊन रिमच्या आतल्या बाजूला घासते. रिम लोखंडी आणि वर क्रोमचा मुलामा. कोरडी असेपर्यंत चालून जाते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ओल्या क्रोमवर रबर नुसते सरकते. हिशेब करा. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत एक सेकंद गेला तर साडेपाच मीटर तिथेच संपले. चांगला ब्रेक कोरड्या रस्त्यावर पुढच्या चारेक मीटरमध्ये थांबवतो. पकड चौथाईवर आली की त्या चाराचे सोळा होतात, म्हणजे एकूण वीस मीटरच्या पुढे. त्यात चार भरलेले सिलिंडर टांगा. एकात १४.२ किलो गॅस आणि साधारण तेवढेच टाकीचे वजन, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. वजन दुप्पट झाले आणि ब्रेकची ताकद तेवढीच राहिली तर थांबायचे अंतरही दुप्पट. मग सायकलवाला सिग्नल 'तोडतो' की त्याला थांबताच येत नाही, हे लांबून कळत नाही.

उपाय फार महाग नाहीत. धंद्याच्या सायकलला निदान पुढे अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि तारेचा ब्रेक बसवा. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला. रबराची पुढची कड रिमला किंचित आधी टेकली पाहिजे, नाहीतर ब्रेक किंचाळतो आणि लोक वैतागून तो सैल करून ठेवतात. लिव्हर पूर्ण दाबून मुठीला टेकत असेल तर तार ओढून घ्या. दोन बोटे तरी अंतर राहायला हवे. खाऱ्या हवेत तार नळीच्या आत गंजते, बाहेरून पत्ता लागत नाही. टोकाशी एक जरी धागा सुटलेला दिसला की पूर्ण तार बदलायची. आणि चाक आउट असेल, म्हणजे फिरताना डगमगत असेल, तर आधी आउट काढा. वाकड्या रिमवर कोणताही ब्रेक नीट लागत नाही. पावसात थांबण्याच्या बरेच आधी ब्रेक हलका धरून रिम पुसून घ्यायची, मग जोर लावायचा.

एलबीएस_रोज

हेल्मेट चांगलेच आहे, पण दादरकर, सक्ती मला पटत नाही. डबेवाल्याच्या, इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर तुम्ही दंड ठेवणार आणि रस्ता जसा आहे तसाच सोडणार. वापरणाऱ्याने नीट वापरावे एवढेच म्हणेन. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटे, पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाच्या खाली जुळलेला, हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील इतके घट्ट. एकदा जोरात आपटले की आतला थर्माकोल दबलेला असतो, वरून कवच शाबूत दिसले तरी ते फेकायचे.

आता ते कलम ९९. डावी बाजू म्हणजे गटाराची कड नव्हे. सायनपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री (एलबीएस) मार्गावर डावी कड म्हणजे काँक्रीट संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात ती भेग, गटाराच्या जाळ्या, मेट्रोच्या कामाचे लोखंडी पत्रे आणि उभ्या रिक्षा. २८ मिमी रुंदीचा टायर लांबीच्या भेगेत गेला की हँडल वळत नाही आणि माणूस थेट मागच्या डंपरसमोर. अशी भेग ओलांडायचीच असेल तर मागे बघून, हात दाखवून, शक्य तितकी काटकोनात. उभ्या गाड्यांपासून एक मीटर सोडून चालवायचे, कारण दार तेवढे उघडते. स्टॉपवर थांबलेल्या बेस्ट बसच्या डावीकडून घुसायचे नाही, तिथे उतरणारे प्रवासी असतात आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसतही नाही. म्हणून शहाणा सायकलवाला लेनच्या आत चालवतो आणि मागचा गाडीवाला हॉर्न मारत बसतो.

पायी_दादर

लेनमध्ये चालवा, ना नाही. उलट दिशेचे बोला.

एलबीएस_रोज

उलट दिशेचे समर्थन मी करत नाही, कारण सांगतो. एकमार्गीमुळे दोनशे मीटरच्या कामाला एक-दीड किमीचा वळसा पडतो, म्हणून तो तसा येतो. खांद्याएवढे डबे घेऊन वेळेवर स्टेशन गाठायचे असते त्याला.

परळचा_वकील

वळसा हा न्यायालयात बचाव होत नाही. आकडेच बघा. गाडी ४० आणि सायकल १५ने एकाच दिशेने जात असतील तर वेगातला फरक २५. समोरासमोर असतील तर ५५. गल्लीतून बाहेर पडणारा चालक उजवीकडे बघतो, डावीकडून सायकल येईल हे त्याच्या मनातही नसते.

नुकसानभरपाईतही हे आड येते. मोटारीने सायकलवाल्याला उडवले तर तो गाडीच्या विम्याच्या दृष्टीने त्रयस्थ पक्ष असतो आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. अर्जाची मुदत कायद्यात सहा महिने आहे, ती अनेकांना माहीत नसते. पण तो उलट्या बाजूने किंवा अंधारात दिव्याशिवाय येत होता असे पंचनाम्यात आले की विमा कंपनी सहभागी हयगय, म्हणजे अपघातात त्याचीही चूक होती असे, मांडते आणि रक्कम कापली जाते. हेल्मेट नव्हते एवढ्यावर मात्र कायदा मोडला असे तिला म्हणता येत नाही, कारण सक्तीच नाही. उडवून पळालेली गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१खाली मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात.

याची दुसरी बाजू अशी की सायकलने पादचाऱ्याला धडक दिली तर हे न्यायाधिकरण नाही. विमा नसतो, साधा दिवाणी दावा लावायचा आणि सायकलवाल्याच्या खिशातून वसूल करायचे. दादरकरांची चीड इथे रास्त आहे.

चाक_आउट_काढतो

मग बॅटरीवाल्या सायकलींचे काय? अर्ध्या डिलिव्हरीवाल्यांकडे 'लायसन्स नको' म्हणून विकलेल्या गाड्या आहेत.

परळचा_वकील

मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग २५ किमीपेक्षा कमी असेल तरच, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, ती मोटार वाहन ठरत नाही. वेगमर्यादेची वायर तोडून ४०ने पळवली की तीच गाडी मोटार वाहन होते. मग नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळे लागते आणि विमा नसल्याने अपघाताची भरपाई मालकावर येते. नंबरप्लेटचा आग्रह धरायचाच तर इथे धरा, साध्या सायकलवर नको.

पायी_दादर

बरे, साध्या सायकलच्या नंबरप्लेटची मागणी सोडली. उलट दिशेच्या दंडाची सोडत नाही. आणि दिवा? तो तरी सक्तीचा नको का? पूर्वी गावोगाव दिवा नसेल तर हवालदार व्हॉल्व्ह काढून हवा सोडायचा, लोक निमूट दिवा लावायचे.

एलबीएस_रोज

दंडावर आपले जमणार नाही. उतरून ढकलत नेले तर प्रश्न सुटतो, पण शंभर किलो ढकलून बघा एकदा. दिव्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. मागे लाल, पुढे पांढरा आणि खाली झुकवलेला, समोरच्याच्या डोळ्यांत जाईल असा नको.

चाक_आउट_काढतो

डायनॅमोवर विसंबू नका. चाक थांबले की दिवा विझतो, म्हणजे सिग्नलला उभे असताना नेमका अंधार. मागे बॅटरीचा लाल दिवा हवा आणि जोडीला रिफ्लेक्टर, सेल संपले तरी तो चमकतो. आणि दिवा सीटखाली लावू नका. कॅरिअरवर डब्यांची फळी किंवा दुधाचे कॅन आले की तो झाकला जातो, उडुपी हॉटेलांच्या भाजीच्या गोण्यांनी तर नक्कीच. मडगार्डच्या खालच्या टोकाला पत्र्याची पट्टी मारून तिच्यावर बसवा. चिखल उडतो तिथे, म्हणून रोज एकदा फडके मारावे लागते.