'लाँचर स्क्रिप्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

रानजाई: पायथन या संगणकभाषेतल्या एका प्रकल्पाची मार्गदर्शिका मराठीत आणतेय, तिथे अडले. पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने, पॅकेज बसवलं की त्याची कमांड चालवणारी एक चिमुकली फाइल आपोआप तयार होते, तीच ही लाँचर स्क्रिप्ट. लिनक्सवर ती 'बिन'मध्ये जाते, विंडोजवर 'स्क्रिप्ट्स'मध्ये, आणि तिथे ती एक्सई, म्हणजे थेट चालणारी फाइल, असते. लिनक्सवरची उघडून पाहिली तर जेमतेम पाच-सात ओळी. पहिल्या ओळीत कुठला पायथन वापरायचा त्याचा पूर्ण पत्ता, खाली पॅकेजमधलं एक फंक्शन आयात करून त्याला हाक. मी 'प्रारंभक संहिता' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'संहिता नाटकाची असते' म्हणून 'प्रारंभक लिपी' केलं. माझं मन घेत नाही.

टंकक: लिपी साफ चूक. देवनागरी लिपी, मोडी लिपी. स्क्रिप्टला आज्ञावली म्हणा. आज्ञा अधिक आवली, म्हणजे आज्ञांची ओळ.

बाराखडी: आज्ञावली प्रोग्रॅमसाठी रुळलाय, दोन्हींना एकच शब्द कसा चालेल? शिवाय ही फाइल स्वतः काहीच करत नाही, नुसती आत घेते. वाड्याच्या मोठ्या दरवाजात माणसापुरतं दार असतं, ती दिंडी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला आहे बघा. एंट्री पॉइंटला, म्हणजे जिथून पॅकेजमध्ये शिरायचं त्या जागेला, 'प्रवेशबिंदू' म्हणण्यापेक्षा दिंडी म्हणा.

वऱ्हाडी: दिंडी म्हटलं की डोळ्यांपुढे पंढरपूरची वाट येते, दार नाही. माझी आजी दिव्याच्या बटणाला खटका म्हणायची. खटका दाबला की दिवा लागतो, पण वीज खटक्यात नसते, मागच्या तारेतून येते. तुमच्या फाइलचं तेच आहे.

टंकक: खटका म्हणजे भांडण हो. 'दोघांचा खटका उडाला.'

वऱ्हाडी: मग लाँचर तरी रॉकेटचा नाही का?

तळटीप: लाँचर तसाच ठेवा, ताई. गेल्या महिन्यात मी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनचं, फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे हलवलं. कमांड दिली तर 'बॅड इंटरप्रिटर' अशी त्रुटी, म्हणजे सांगितलेल्या पत्त्यावर पायथन सापडत नाही. पहिल्या ओळीत जुन्या जागेचा पत्ता तसाच होता. फोल्डर नव्याने बनवलं तेव्हा चाललं, पण अख्खी संध्याकाळ गेली. अशा वेळी माणूस इंग्रजी शब्द घेऊनच शोधतो. दिंडी घालून शोधलं तर वारीचं वेळापत्रक मिळेल.

रानजाई: मान्य, म्हणून इंग्रजी शब्द एकदा देणारच आहे. पण नुसतं लाँचर लिहिलं की मुलांना ती फाइल आपणच लिहायची असं वाटतं. पूर्वी तसंच होतं, सेटअप फाइलमध्ये आपल्या स्क्रिप्टची नावं द्यायची. आता पायप्रोजेक्ट-टॉमल या प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये 'प्रोजेक्ट डॉट स्क्रिप्ट्स'खाली एक ओळ पुरते: कमांडचं नाव, बरोबरचं चिन्ह, मॉड्यूल, कोलन, फंक्शन. फाइल जन्माला येते ती बसवताना. हे आपोआप होणं शब्दात यावं एवढीच माझी धडपड आहे.

बाराखडी: शब्द वापरला तरच रुळतो. सावरकरांनी महापौर दिला, दिनांक दिला. आज कुणाला अडतात?

तळटीप: दिनांक अर्जावर. तोंडी मात्र 'आज तारीख काय?' असंच विचारतो आपण. शंभर वर्षं होत आली तरी.

बाराखडी: पण महापौरला तुम्ही मेयर म्हणत नाही. काही रुजतात, काही नाही. पेरायचंच नाही, हे मला पटत नाही.

टंकक: दिंडीपेक्षा किल्ली बरी. मोटार किल्लीनेच सुरू होते. 'प्रारंभ-किल्ली'.

वऱ्हाडी: किल्ली का, चावी का नाही?

टंकक: चावी पोर्तुगीज आहे.

वऱ्हाडी: आणि कुलूप अरबी, फारसीतून आलेलं. दाराला काय लावणार मग? चावी माझ्या आईच्या तोंडचा शब्द आहे, मी तो परका मानणार नाही.

रानजाई: किल्लीत 'आपोआप' कुठे आलं पण?

बाराखडी: आमच्या घरी घड्याळाला किल्ली देत आणि नळाला चावी म्हणत. तोटी हा शब्द मी लग्नानंतर सासरी ऐकला. तुमच्याकडे नळाला काय म्हणतात?