‘प्रतिरोधी कर्करोग’ की ‘औषधांना दाद न देणारा कर्करोग’?

विचारणा

मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील एका लेखाचे भाषांतर करताना मी काही शब्दांपाशी अडले आहे. औषधांचा परिणाम होत नाही अशा कर्करोगाच्या उपचारांत वनस्पतींमधील फ्लॅव्होनॉइड या गटातल्या द्रव्यांची (मी त्यांना ‘पीतद्रव्ये’ म्हटले) मदत होऊ शकेल का, हा लेखाचा विषय आहे. पहिल्या खर्ड्यात मी ‘प्रतिरोधी मूत्रपिंड कर्करोगाच्या उपचारांतील संभाव्य पूरक पीतद्रव्ये’ असे शीर्षक दिले. ते वाचून एका वाचकाने विचारले की, प्रतिरोधी आहे ते मूत्रपिंड की कर्करोग, आणि हा प्रतिरोध नेमका कशाला?

प्रतिसाद

वाचकाची शंका रास्त आहे. ‘जलरोधी’, ‘गंजरोधी’ या शब्दांत काय रोखले जाते ते पूर्वपदच सांगते; नुसत्या ‘प्रतिरोधी’त ते कळत नाही. शिवाय ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द आपल्या कानात इतका मुरला आहे की, प्रतिकार करणारा म्हणजे रुग्ण, हे आपण गृहीतच धरतो. इथे मात्र प्रतिकार करते ती कर्करोगाची पेशी आणि तोही औषधाचा. पदांचा क्रम बदलून ‘कर्करोगप्रतिरोधी’ म्हटले, तर अर्थ थेट उलटा होतो. परिभाषाच हवी असेल तर ‘औषधरोधी’ म्हणावे. सामान्य वाचकासाठी लिहायचे असेल तर ‘औषधांना दाद न देणारा’ यापेक्षा नेमका प्रयोग मला सुचत नाही. ‘दाद’ मूळचा फारसी, अर्थ न्याय, म्हणून तर आपण न्यायालयात दाद मागतो; पण ‘दाद न देणे’ म्हणजे न जुमानणे, हा अर्थ मराठीत आता पूर्ण रुळलेला आहे.

प्रतिसाद

वरील सूचनेला माझा पाठिंबा आहे आणि त्याला व्याकरणाइतकेच वैद्यकीय कारणही आहे. या कर्करोगात औषधरोध दोन प्रकारचा असतो. मूत्रपिंडातील ज्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींपासून हा कर्करोग बहुधा उद्भवतो, त्या पेशींच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन मुळातच असते. नको असलेले पदार्थ पेशीबाहेर फेकणे हे त्याचे नेहमीचे काम. कर्करोगाच्या पेशीतही ते काम चालूच राहते, आणि मग रसायनोपचारातील अनेक औषधे आत टिकत नाहीत. दुसरा प्रकार उपचार सुरू झाल्यानंतरचा. सोराफेनिब २००५ साली आणि सुनिटिनिब २००६ साली अमेरिकेत मान्य झाले. गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ ही औषधे रोखतात. परंतु सुरुवातीला गाठ आटोक्यात आल्यानंतर काही काळाने अनेक रुग्णांमध्ये ती पुन्हा वाढू लागते. पहिल्या प्रकाराला ‘उपजत’ आणि दुसऱ्याला ‘अर्जित’ प्रतिरोध म्हणण्याची पद्धत आहे. ‘अर्जित’मुळे मला मात्र विद्या किंवा संपत्ती आठवते. मराठी क्रियापद हाच भेद एका प्रत्ययात दाखवते: पहिला कर्करोग औषधाला ‘दाद न देणारा’, तर दुसरा ‘दाद देईनासा झालेला’.

विचारणा करणारी

‘देईनासा’ उत्तम आहे, तो घेते. ‘पीतद्रव्ये’ चालेल का? ‘फ्लॅव्होनॉइड’मागच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पिवळा असाच आहे. ‘पीताभ’ हाही पर्याय मनात होता.

प्रतिसाद

व्युत्पत्तीला धरून ‘पीताभ’ देखणा आहे, पण वाचक त्याला विशेषण समजून पुढच्या नामाची वाट पाहत बसेल. शिवाय हे कुल रंगावरून नव्हे, रेणूच्या रचनेवरून ठरते: दोन षट्कोनी वलये आणि त्यांना जोडणारे तीन कार्बन, म्हणजे सांगाड्यात एकूण पंधरा. जांभळी अँथोसायनिने त्यातच मोडतात, रंगहीन कॅटेचिनेही. जांभळ्या द्रव्याला पीतद्रव्य म्हणण्यापेक्षा ‘फ्लॅव्होनॉइड’ तसाच ठेवावा.

माझा खरा आक्षेप ‘पूरक’ला आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर क्वेर्सेटिनसारखी फ्लॅव्होनॉइडे वर सांगितलेल्या पी-ग्लायकोप्रोटीनचे काम मंद करतात, असे दिसले आहे. म्हणजे औषध पेशीत अधिक काळ राहू शकते. पण ‘पूरक’ म्हटले की वाचकाला ‘पूरक आहार’ आठवतो, आणि घेतल्याने नुकसान काहीच नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. सुनिटिनिबचे विघटन यकृतातील ज्या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होते, त्याच्या कामात काही फ्लॅव्होनॉइडे ढवळाढवळ करू शकतात, आणि मग औषधाची रक्तातील पातळी, पर्यायाने दुष्परिणाम, वाढण्याची शक्यता असते. उलट तोंडावाटे घेतलेले क्वेर्सेटिन आतडे व यकृत यांत झपाट्याने रूपांतरित होत असल्यामुळे मूळ रूपात रक्तात फारच थोडे पोहोचते. त्यामुळे पेशींवर दिसलेला परिणाम रुग्णातही दिसेल, असे गृहीत धरता येत नाही. ‘औषधाला साथ देऊ शकतील अशी’ हा प्रयोग थोडा लांब आहे, पण त्यातून भलते आश्वासन जात नाही.

प्रतिसाद

‘संभाव्य’ही वगळावा, कारण ‘संभाव्य उमेदवार’ या प्रयोगात तो ‘बहुतेक होणारच’ याकडे झुकतो. इथे तशी खात्री नाही: फ्लॅव्होपिरिडॉल हे एका वनस्पतिजन्य द्रव्यावरून बेतलेले कृत्रिम फ्लॅव्होन (फ्लॅव्होनॉइडांचाच एक प्रकार) मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेले आणि तिथे फारसे प्रभावी ठरले नाही. शक्यता ‘शकतील का’ या प्रश्नार्थक क्रियापदात राहू द्यावी.

विचारणा करणारी

सर्वांचे आभार. शीर्षक आता असे केले आहे: ‘औषधांना दाद न देणाऱ्या मूत्रपिंडाच्या कर्करोगात वनस्पतिजन्य फ्लॅव्होनॉइडे औषधाला साथ देऊ शकतील का?’

प्रतिसाद

‘दाद न देणाऱ्या’ हे विशेषण अजूनही ‘मूत्रपिंडाच्या’ शेजारीच बसले आहे, म्हणजे पहिली शंका कायम राहते. ‘मूत्रपिंडाचा कर्करोग औषधांना दाद देईनासा झाल्यास…’ अशी सुरुवात करून पाहावी.